फौजी काकांची लाल दोरी

भर मे महिन्यात, शेलूबाजारचं डांबर चपलेला चिकटत असताना, "आज बर्फ घसरनार, सांभाळून!" असं बजावणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच. आमचे शेजारी फौजी काका. निम्मी नोकरी त्यांनी हिमालयाच्या बर्फात काढली. आता भाजीचा मळा करतात, पण मोबाइलवर हवामान बघतात ते तिकडचंच.

"नवा बर्फ पडला, अन् वरून ऊन तापून राह्यलं. दुपारी कोनी चढाचं नाई!" असा हुकूम ते चहाच्या टपरीवर सोडतात. घाम पुसत आम्ही कबूल करतो.

कुठलाही ढीग दिसला की काका आधी काठी खुपसतात. एकदा सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे मळणीनंतरच्या भुश्याच्या ढिगावर, चढायचं होतं. ढीग जेमतेम छातीइतका, पण काकांनी कमरेला लांबलचक लाल दोरी बांधली आणि तिचं टोक मागे मोकळं सोडलं.

"हे कायले?" मी विचारलं.

"मानूस बर्फात दबते. दोरी हलकी, ते वरतं राह्यते. दिसली का धराची, खंदत जाचं. मानूस सापडते!"

कुटार खरंच घसरलं. काका गुडघ्यापर्यंत रुतले आणि लगेच आडवे झाले. उठवायला गेलो तर भडकले. "हात कायले देता बे? दोरी धरा! पद्धतशीर काढा!" शेवटी चौघांनी त्यांना पद्धतशीर उकरून काढलं. तेव्हापासून बाजारात काकांपेक्षा त्यांची दोरीच जास्त प्रसिद्ध.

गेल्या वर्षी काकूंचं विसरणं वाढलं. आधी भाजीतलं मीठ, मग नातवंडांची नावं, मग घराची वाट. एकदा त्या दिवसभर सापडल्या नाहीत. हाका मारून मारून काकांचा आवाज बसला. दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या कमरेला लाल दोरी लोंबू लागली.

मला ते बघवेना. "काका, काकू काय गाय हाये का?"

"बांधली कुठं? टोक मोकळंच हाये," काका म्हणाले. "हे दोरी सापडाले असते."

परवा माझ्या दुकानासमोरून कारंज्याला जाणारी जीप सुटली आणि करकचून थांबली. ड्रायव्हरला आरशात दारातून लोंबणारी लाल दोरी दिसली होती. "अरे, हे तं फौजी काकाची!" म्हणत त्याने काकूंना हाताला धरून उतरवलं. मी त्यांना घरी घेऊन निघालो.

काका अनवाणी गल्लीत उभे होते. ओठ कोरडे पडलेले. त्यांनी पुढे होऊन दोरीचं टोक धरलं आणि ती हाताला गुंडाळत गुंडाळत काकूंपर्यंत आले. काकूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"तुमी कोन?"

काकांनी त्यांच्या पदराची धूळ झटकली.

"मी व्हय," ते म्हणाले. "तुले शोधाले आलो."