पंख्याखाली वाळवलेली नखं

रंगाच्या बाबतीत रंगरावांना कोणी शिकवायचं नाही! भिंतीवर नुसता तळहात फिरवून ते सांगत, "वर्षभरात पोपडे धरणार." आणि धरायचे! रंगाचं दुकान त्यांनी इतकी वर्षं चालवलं होतं, की गल्ली त्यांचं खरं नावच विसरली होती.

त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "जरा पार्लरमध्ये जाऊन येते, नखांना जेल पॉलिश लावायचंय," तेव्हा रंगरावांनी चपला पायात सरकवल्यासुद्धा.

"तुम्ही कशाला?"

"अगं, टिकाऊ रंग निवडायचा आणि मला घरी बसवायचं?"

दुसऱ्या दिवशी तिच्या शिवणक्लासचं उद्घाटन होतं. आयुष्यभर लोकांची काजं करून तिच्या बोटांची पार चाळण झाली होती. निदान फीत कापतानाच्या फोटोत तरी हात चांगले दिसावेत, एवढीच बिचारीची इच्छा. तो फोटो क्लासच्या भिंतीवर लागायचा होता.

पार्लरमध्ये रंगरावांनी बाटल्या उजेडात धरधरून पाहिल्या. "प्रायमर कोणता?"

"बेस कोट असतो, काका," पार्लरमधली मुलगी म्हणाली. "मग रंगाचे दोन हात, वर टॉप कोट. तीन आठवडे हलत नाही!"

"तीन आठवडे?" रंगराव हसले. "आम्ही सात वर्षांची हमी देतो!"

"तुमच्या भिंती भांडी घासत नाहीत ना, काका."

हे मात्र खरं होतं. रंगरावांनी विषय बदलला. "नमुना दाखव."

"हे कार्ड बघा ना."

"कार्डावर सगळेच रंग छान दिसतात!" आणि त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढे केला. कामाचा हात, कसोटी त्याचीच! अंगठ्यावर वांगी, मग शेवाळी, केशरी, मोरपिशी, करंगळीवर भडक राणी. मुलीने एकेक बोट दिव्याच्या डबीत घालून पक्कं केलं. रंगरावांनी पाचही नखांवर टकटक करून पाहिलं आणि बायकोसाठी फिका गुलाबी निवडला. तो तिने दारातून आत येतानाच निवडला होता.

"आता माझं पुसून टाक."

"पुसत नाही हो ते! भिजवून खरवडावं लागतं. आधी काकूंचं होऊ दे."

काकूंचे दोन हात झाले. टॉप कोट लावून मुलीने त्यांची बोटं डबीत ठेवायला सांगितली आणि ती फोन घ्यायला बाहेर गेली.

रंगरावांनी डबीत डोकावलं. "अगं, काढ हात! ताजा रंग असा भाजतात का कुठे? तडे जातील! सावलीत, हवेवर वाळू दे."

"तुमचे तर दिव्यातच वाळवले!"

"ते नमुने! नमुन्याला तडे गेले तर कुणाचं काय जातंय?"

झालं! बायकोचे दहाही बोटं पसरलेले हात पंख्याखाली आले. दुसरं गिऱ्हाईक ताटकळत होतं. मुलीने आत येऊन विचारलं, "झालं?" रंगराव म्हणाले, "एकदम!" आणि दोघं बाहेर पडली. स्वतःच्या नखांची आठवण त्यांना घरी जेवताना झाली, कारण बायकोला घास भरवायची वेळ आली होती.

"अजून चिकट लागतंय हो."

"ऑइल पेंट रात्रभर घेतोच!"

सकाळी बायकोच्या प्रत्येक नखावर उशीतला कापूस उगवला होता. नखं कसली, सशाची पिल्लंच ती! रंगराव चक्रावले. त्यांनी फुंकर मारली, वास घेतला, टर्पेंटाइन लावलं. कापूस ओला झाला, एवढंच. हा कसला रंग, जो उजेडात वाळतो आणि हवेत वाळत नाही? शेवटी पार्लरला फोन लावला.

"काका, दिव्याखालून हात कोणी काढले?"

रंगरावांनी फोन मुकाट्याने बायकोच्या कानाला लावला. पार्लर अकराला उघडणार होतं. फीत दहाला कापायची होती.

फितीपुढे फोटोवाला ओरडला, "हसा!" बायकोने डावा हात पदराआड लपवून कात्री धरली आणि हसता हसता दातओठ खात म्हणाली, "हात ठेवा ना वरून! झाका!"

रंगरावांनी चटकन हात ठेवला. क्लिक! आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण कोणता हात ठेवला.

फोटो झकास आला. कात्रीवर वांगी, शेवाळी, केशरी, मोरपिशी आणि राणी. फोटो तिच्या हातांसाठी होता आणि त्यात तिचं एक नखही नव्हतं! रंगरावांना मनापासून वाईट वाटलं. "मी आजच जाऊन हे काढून येतो," ते म्हणाले.

"काढायचं नाही," बायको म्हणाली. "तीन आठवड्यांची हमी आहे ना? बघूया की."

ती एकटीच पार्लरला गेली आणि सुंदर गुलाबी नखं घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाने डबा उचलून विचारलं, "काय रंगराव, टिकेल ना हा?"

रंगरावांनी उजवा हात हळूच काउंटरखाली घेतला.

"टिकतो," ते म्हणाले. "नको तेवढा टिकतो."