सॉरीवरील स्वारी

॥ श्री ॥ कसबे भाईंदर, इमारतीचा तिसरा मजला, येथील ही हकीकत लिहून ठेविली, की पुढील बिऱ्हाडांस एका शब्दाचे वजन कळावे.

शके १९२७, वैशाखमास, उन्हाचा अंमल कडक. ते समयी राजमान्य राजेश्री काशीनाथपंत, निवृत्त हेडक्लार्क, यांणी गच्चीवर तुळशीस पाणी घालण्यास पाईप सोडिला, आणि पाईप हातचा सुटून उधळला, आणि समोरील दारचे हरिश्चंद्रराव यांचे कुटुंब गिरिजाबाईसाहेब, मूळ मुक्काम रत्नागिरी, यांचे पोह्याचे दोनशे पापड जागीच गारद जाहले. मग बाईसाहेबांचे फर्मान सुटले की, पंतांनी सॉरी म्हणावे, तोवर वाटीचा दस्तूर बंद. हा दस्तूर ऐसा की, एका दारची वाटी दुसऱ्या दारी भरून जावी आणि भरूनच परत यावी. पंत विधुर. त्यांच्या जेवणाची सारी चव त्या वाटीत.

पंतांनी उलट जबाब धाडिला की, बसमध्ये पाय तुडविला तरी सॉरी, राँग नंबर लागला तरी सॉरी. ऐसा गल्लोगल्ली हिंडणारा शब्द आम्ही मुखी घेणार नाही. मग चार दिवस लोणचे-भातावर काढिले. लोणचेही बाईंनीच दिलेले, तेही तळास गेले.

पाचवे दिवशी पंतांनी वाचनालयावर चाल केली आणि जाड्या शब्दकोशास वेढा घातला. तेथे खबर लागली की, हा शब्द मुळी माफीचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत ज्याचा जीव दुखतो तो सॉरी, आणि जखमेचा ठणका हे त्याचे मूळ घराणे. वाचून पंत खजील जाहले. दुखत तर चार दिवस होतेच. ते अपचन समजून ओवा खात होते.

तडक येऊन बेल वाजविली, आणि शब्दकोशातले एक अक्षर आठवेल तर शपथ.

“वहिनी, सॉरी. मला फार वाईट वाटतंय.”

“अहो भावोजी, एवढंसं बोलायला चार दिवस? आणि जेवत काय होतात?”



मग तह जाहला की, बाईसाहेबांनी नवे पापड घालावे, पंतांनी छत्री घेऊन पहारा करावा, आणि तुळशीस तांब्यानेच पाणी घालावे. दुपारी आमटीची वाटी आली. ती रिकामी कशी धाडावी? घरात दुसरे काही नव्हते, म्हणून पंतांनी साखर भरून धाडिली, आणि बाईसाहेबांनी ती ठेवून घेतली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते.