झाकलं का गं माय?

आमच्या गल्लीत कुणी कोंबडा पाळलेला नाही आणि त्याची गरजही पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळचे साडेपाच वाजले की शेजारचे रंगनाथकाका अंगणात येतात, मोबाईल तोंडापुढे वीतभर लांब धरतात आणि अंबडच्या बसस्टँडपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारतात, "झाकलं का गं माय?"

पलीकडचं उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. काका म्हणतात, "बराबर. पानाला टेकलं न्हाई ना?" मग सात-आठ मिनिटं नुसतं 'हं', 'हं' चालतं. शेवटी "बिलकुल" असं म्हणून ते फोन ठेवतात आणि तोंड धुवायला जातात. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा येतात. तेव्हा प्रश्न असतो, "काढलं का?"

गेल्या वर्षी समोरच्या घरात एक शिक्षिका भाड्याने राहायला आल्या. त्यांनी पहिले चार दिवस हा आवाज ऐकून निमूटपणे उठून दूध झाकलं. पाचव्या दिवशी माझ्या बायकोला म्हणाल्या, तुमचे शेजारी फार काळजीवाहू आहेत, पण आमचं पातेलं उघडं राहिलेलं त्यांना तिकडून कसं दिसतं? बायकोने त्यांना खरं काय ते सांगितलं. ते ऐकून त्या जास्तच गोंधळल्या, कारण खरी गोष्ट अशी होती की बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन तापत असताना रंगनाथकाका थंडीने मरणारी झाडं वाचवत होते.

ही झाडं अंबडला नाहीत. ती अमेरिकेत मिनेसोटा नावाच्या राज्यात, काकांच्या मुलीच्या, वैशालीच्या, घरामागे आहेत. त्यांना होस्टा म्हणतात. सावलीत वाढणारं, रुंद पानांचं झाड. हिवाळाभर जमिनीखाली झोपतं आणि एप्रिलमध्ये त्याचे कोंब वर येतात, केळीच्या पानासारखे गुंडाळलेले. नेमक्या त्याच दिवसांत तिकडे परतीची थंडी पडते. दव गोठून पानांवर बर्फाचा पांढरा थर बसतो. काका त्याला हिव म्हणतात. हिव पडायच्या आत, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, कोंबांवर कापड घालावं लागतं, आणि सकाळी ऊन आलं की काढावं लागतं. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट. म्हणून हे सगळं आमच्या कानांवर.

मी इथल्या कोर्टात लघुलेखक आहे. साक्षीदार बोलतो ते उतरवून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही, कोण खोटं सांगतंय ते कळलं तरी चेहरा हलवायचा नाही, हे माझं काम. वीस वर्षांत ही सवय अंगात इतकी मुरली आहे की तुमच्याशी भांडण्यात मजा नाही, असं बायको म्हणते. तर काकांबद्दल मी जे सांगतो आहे ते असंच उतरवून घेतलेलं समजा.

काका कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी अंबड तालुक्यात, मोसंबीच्या बागांमध्ये. शहागडपासून वडीगोद्रीपर्यंत कुणाच्या बागेत कोणत्या रांगेतलं झाड वाळलं हे त्यांना अजून पाठ आहे. मुलगी एकच. ती शिकली, लग्न करून परदेशी गेली, आणि चार वर्षांपूर्वी तिने आईवडिलांना सहा महिने तिकडे नेलं. काकूंना तिथे स्वयंपाकघर मिळालं. काकांना काहीच मिळालं नाही. गाडी चालवता येत नाही, फोन उचलावा तर पलीकडचं कळत नाही, भाजी आणावी तर बाजार सात मैलांवर. मुलगी आणि जावई सकाळी निघायचे ते अंधार पडल्यावर यायचे. "घरात खुर्ची असती तसा मी बसून राह्यलो," असं त्यांनी मला एकदा सांगितलं.

मग एके दिवशी शेजारची म्हातारी मडम आपल्या अंगणात होस्टाचं दांडगं बेट कुदळीने फोडताना दिसली. काका कुंपणाशी जाऊन उभे राहिले. बघून राहवेना, म्हणून तिच्या हातातली कुदळ घेतली आणि मुळं न दुखवता बेटाचे पाच तुकडे करून दिले. तिने खूश होऊन तीन तुकडे यांनाच दिले. काकांनी ते वैशालीच्या घरामागे, उत्तरेच्या भिंतीलगत, खड्डे काढून लावले. पांढऱ्या काठाची हिरवी पानं. सहा महिन्यांत काकांच्या हातून तिथे झालेलं काम तेवढं एकच.

झाडं लावून गप्प बसतील तर ते काका कसले. झाकायला प्लॅस्टिक चालत नाही, ते पानाला टेकलं की पान भाजतं, हा त्यांचा सिद्धांत. चादर जड होते. सगळ्यांत उत्तम म्हणजे धुऊन धुऊन विरलेलं सुती लुगडं. परत आल्यावर वैशालीच्या ओळखीचं कुणी तिकडे जायला निघालं, तेव्हा काकांनी काकूंची चार लुगडी त्याच्या बॅगेत कोंबली. त्यांतलं एक विरलेलं नव्हतं. ते काकूंच्या भावाने दिलेलं होतं. काकू अजून तो विषय निघाला की भांडी जरा जोरात ठेवतात.

मोबाईलमध्ये हवामान बघायची सोय असते. आपण त्यात आपलं गाव ठेवतो. काकांनी अंबड काढून टाकलं आहे. "अंबडचं काय पाह्यचं? ऊनच असतंय," असं ते म्हणतात. कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पिताना ते मध्येच फोन बघून सांगतात, "उद्या शून्याच्या खाली दोन." एकदा वडीगोद्रीचा एक बागाईतदार तारखेला आला होता, त्याने हे ऐकलं. साहेब शेतीखात्यातले, म्हणजे सांगतात ते खरंच असणार, असं समजून तो बिचारा तारीख सोडून बागेकडे निघाला होता. टपरीवाल्याने त्याला स्टँडवरून परत आणलं. तेव्हापासून टपरीवर काकांचं नाव हिवाळेसाहेब पडलं आहे. त्यांना ते माहीत आहे आणि त्यांची हरकतही नाही.

मी एकदा त्यांची रीतसर उलटतपासणी घेतली. होस्टाला फळ येतं का? नाही. फुलाला वास? "थोडाफार." कुणी खातं का? "हरणं खातात. आपल्याकडं रोही, तिकडं हरणं. नासधूस तीच." म्हणजे उपयोग काय? काका म्हणाले, ते ऊन मागत नाही, भिंतीच्या आडोशाला गुमान वाढतं. एवढ्यावर साक्ष संपली. मोसंबीत जन्म घालवलेल्या माणसाने या बिनकामाच्या पाल्यासाठी गल्लीची झोप मोडावी, हे मला काही पटलं नाही, पण पटवून घेणं माझ्या कामात येत नाही.

या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. जालन्याला जायचं, एक रात्र तिथेच राहायचं. डॉक्टरांना तारीख पुढे ढकलता येते का, हे त्यांनी दोनदा विचारलं, कारण त्याच दिवशी तिकडे हिव होतं. डॉक्टरांनी ऐकलं नाही. निघण्याआधी काका माझ्याकडे आले. माझ्या फोनमध्ये त्यांनी मिनेसोटाचं ते गाव टाकून दिलं, वैशालीचा नंबर टाकून दिला आणि काय विचारायचं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

"सुभाषराव, ओरडायची गरज न्हाई," ते म्हणाले. "हळू बोललं तरी जातंय तिकडं." हे सांगणारा माणूस कोण, हे मी मनातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी आमच्या अंगणात उभा राहिलो आणि घसा खाकरून म्हणालो, "वैशाली, मी सुभाषदादा. झाकलं का?"

ती हसायला लागली. मग बाबांची चौकशी केली, ऑपरेशन नीट झाल्याचं तिला काकूंकडून कळलं होतं. मग म्हणाली, "दादा, तुम्हाला सांगते, बाबांना सांगू नका. बाबांनी लावलेली झाडं राहिली नाहीत हो."

दोन वर्षांपूर्वीच हरणांनी ती मुळापर्यंत खाल्ली होती. वैशाली एक आठवडा कामासाठी बाहेरगावी होती, परत आली तर जागेवर नुसती माती. तिला बाबांना सांगायचा धीर झाला नाही. रोपवाटिकेतून तसलीच पांढरी-हिरवी तीन झाडं आणून तिने त्याच जागी लावली, भोवती जाळी मारली, आणि दर वर्षी ती तीच झाकते. एका कोंबावर माती पडली तरी बाबा फोटोत ओळखतात, म्हणून दर फोटो चारदा बघून मगच पाठवते, असं म्हणाली. मी नेहमीसारखं सगळं ऐकून घेतलं. तिने लुगडी पांघरलेल्या वाफ्याचा आणि त्याआधी काढलेला उघड्या झाडांचा, असे दोन फोटो पाठवले.

संध्याकाळी काका परत आले. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा, आणि आल्या आल्या मला बोलावणं. मी गेलो. काकू आत होत्या. काकांनी फोटो मागितले. मी लुगड्यांचा फोटो आधी दाखवला. तो त्यांनी बाजूला केला आणि दुसरा काढायला लावला. चष्मा कपाळावर सरकवून, चांगला डोळा अगदी काचेला लावून ते बघत राहिले. कोंब उलगडत आले होते. मला वाटलं, एका डोळ्याने काय दिसणार, आजच्यापुरतं निभावलं.

"पानाचा पांढरा कुठं आहे, सांगा," ते म्हणाले.

मी बघितलं. पांढरा पट्टा पानाच्या मधोमध होता.

"मी लावलेल्याचा काठाला होता. मधी हिरवं." फोन त्यांनी माझ्या हातात दिला. "दोन वर्षं झाले, पाहून राह्यलो. तीस वर्षं पानं पाह्यले सुभाषराव, मला काय कळत न्हाई?"

माझा चेहरा वीस वर्षांत पहिल्यांदा हलला असावा, कारण ते पुढे म्हणाले, "तुमाला सांगितलं का तिनं? असू द्या. तिला म्हणू नका."

मी विचारलं, मग हे रोजचं झाकलं का, काढलं का, हे कशासाठी? दुकानातली तीन झाडं. मेली तर मेली.

काकांनी आधी आत पाहिलं. आत काकूंनी कुकर लावला होता. मग ते हळू बोलायला लागले, आणि खरंच त्यांना हळू बोलता येत होतं.

"रविवारी ती फोन करती. जेवले का, जेवलो. तब्येत बरी का, बरी. मंग मी फोन तिच्या मायजवळ देतो. मला पुढं काय इचारावं सुधरत न्हाई. तिलाबी न्हाई." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "पण झाकाया सात-आठ मिनटं लागतात. फोन पायरीवर ठिवती, हातानं लुगडं लावती आन् बोलत राहती. हापिसातलं, घरातलं, एखाद टायमाला रडतीबी. मी नुसतं हं म्हणतो. तेवढं ऐकाया भेटतंय."

मी घरी आलो. बायकोने विचारलं काय झालं, तर काही नाही म्हणालो. कुणाचीच साक्ष फोडायची नव्हती. त्या दिवशी मला काकांबद्दल फार वाईट वाटलं, आणि थोडं स्वतःबद्दलही, कारण माझी मुलगी पुण्याला शिकते आणि तिच्याशी माझंही जेवलीस का, जेवले यापुढे जात नाही.

डोळा बरा होईपर्यंत काका फोन करत राहिले, गल्ली उठत राहिली, समोरच्या बाई दूध झाकत राहिल्या. मेच्या शेवटी मिनेसोटा गरम व्हायला लागलं. आधी रात्री सात डिग्री, मग नऊ. टपरीवर सगळे म्हणाले, सुटले बुवा हिवाळेसाहेब. काका चहा न संपवताच उठले. "संपलं हिव आता. पुढल्या एप्रिललाच," एवढंच म्हणाले. पुढच्या दिवसापासून पहाटे गल्लीत सामसूम झाली. मला साडेपाचला आपोआप जाग यायची आणि मी उगीच पडून राहायचो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे शेजारी फोन वाजला. या वेळी काकांनी लावला नव्हता, त्यांना आला होता. अंगणातलं दार उघडलं, चपला वाजल्या. मी अंथरुणात तसाच पडून माझा फोन उघडला. ते गाव मी काढलं नव्हतं. तिथे संध्याकाळी चोवीस डिग्री होती आणि रात्रीही चौदाच्या खाली जाणार नव्हती.

"काय म्हणती? थंडी वाटून राह्यली?" काकांचा आवाज भिंतीवरून आला. मग जरा वेळ काहीच नाही. त्यांनी फोन बघितला असणार. माझ्यासारखाच.

"झाक मंग," ते म्हणाले. "बिलकुल झाक. सावकाश झाक, जल्दी न्हाई."

त्यानंतर 'हं', 'हं' सुरू झालं. सात-आठ मिनिटांनी ते थांबेल म्हणून मी वाट बघत होतो. थांबलं नाही. मी उठलो, पुण्याला फोन लावण्याइतकं उजाडलंय का ते खिडकीतून पाहिलं, आणि तोवर स्वयंपाकघरात जाऊन दूध झाकलं.