सत्तावीस उल्लेखांचं चेंबर

सुरतेच्या डिंडोलीतल्या एका गल्लीत गटाराच्या चेंबरला झाकण नव्हतं. ही बाब रीतसर नोंदीत होती. लूमवर काम करणाऱ्या हिलालने ती सत्तावीस वेळा नोंदवली होती. कारण त्याच चेंबरमध्ये पडून त्याच्या बायकोचा, मंगलाबाईंचा, पाय मोडला होता. शुक्रवारी प्लास्टर निघणार होतं. त्याआधी झाकण बसावं, एवढंच त्याचं मागणं.

दरम्यान शहरातल्या तक्रारींची माहिती सर्वांसाठी खुली झाली आणि ‘सुरतसखा’ नावाच्या पर्यटन अ‍ॅपने ती वाचली. अ‍ॅपला तक्रार कळत नव्हती, उल्लेख कळत होते.

*आपण डिंडोलीजवळ आहात. सत्तावीस उल्लेख! अवश्य पाहा.*

पाहुणे आले. गल्लीतले लोक भिंतीला चिकटून पलीकडे जायचे. पाहुण्यांना ते जमेना. ते काठावरच अडकले.

*पर्यटक येथे सरासरी अकरा मिनिटे रमतात.*

हिलाल पालिकेच्या पर्यटन कक्षात गेला. कक्षप्रमुख योगेंद्रसाहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली.

“हिलालभाई, गल्ली नकाशावर आणलीत तुम्ही!”

“साहेब, झाकण.”

“आकर्षणात फेरफार करता येत नाही.”

“मग तक्रारी मागे घेतो.”

“घ्या ना. उल्लेख शून्य, आकर्षण रद्द.”

“मग झाकण बसेल?”

“तक्रारच नाही, तर झाकण कशाला?”

घरी मंगलाबाई खाटेवरून अहिराणीत कडाडल्या, “तुम्हनी तक्रार नही, लगीननी पत्रिका शे ती! सारं गाव दारमा उनं!”

गुरुवारी हिलालने स्वतःच चेंबरवर फरशी टाकली.

*आकर्षण झाकले गेले आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.*

तासाभरात फरशी जप्त झाली. सोबत नोटीस: पर्यटकांच्या दृष्टीस अडथळा.

शुक्रवारी हिलाल मंगलाबाईंना पाठुंगळी घेऊन दवाखान्यात गेला. प्लास्टर निघालं. परत येतात तो काय, झाकण बसलेलं! काचेचं. आत निळे दिवे. भोवती भिंतीपासून भिंतीपर्यंत दोर आणि पाटी: ‘चालण्यास मनाई’.

मंगलाबाई काठी टेकत दोरापाशी थांबल्या. मागून एक पाहुणा म्हणाला, “ताई, जरा बाजूला. फोटोत येताय.”

“भाऊ, पलीकडे मनं घर शे.”

“हो का? मग तुम्ही रोज बघत असाल!”

वाचकहो, तुमच्या गल्लीतलं झाकण शाबूत असेल तर मुकाट चाला. नसेल, तर तक्रार करण्याआधी घर झाडून घ्या. पाहुणे येतील.