दादा नक्की कोण?

मुलांनो, एका जंगलात उग्रसेन नावाचा सिंह राज्य करी. त्याला लांबलचक नावं घ्यायचा भारी कंटाळा. म्हणून तो टोपणनावं ठेवी. भीमप्पा हत्तीला तो नुसतं ‘दादा’ म्हणे.

राजाचे हुकूम पाठ करायला मंजुळा साळुंकी नेमली होती. मंजुळा कामाला पक्की. हुकुमात टोपणनाव आलं, की ती तिथल्या तिथे खरं नाव घाली आणि मगच घोकायला बसे.

एकदा सिंह म्हणाला, “मी ‘पूर’ म्हणून ओरडलो, की दादाने पिल्लांना नाल्यापलीकडे न्यायचं.”

मंजुळेने घोकलं: भीमप्पा हत्तीने न्यायचं.

पुढे काय झालं, भर दरबारात हत्ती शिंकला. राजाची विंचरलेली आयाळ विस्कटली. राजाने ‘दादा’ हे नाव काढून घेतलं आणि झिपरू कोल्ह्याला देऊन टाकलं. झिपरू हुरळून गेला. भीमप्पा टेकडीमागे जाऊन बसला.

आणि नाल्याला खरंच पूर आला. सगळ्यांची पिल्लं अलीकडच्या खडकावर अडकली.

“पूर!” सिंह ओरडला.

झिपरू पाण्याकडे बघत मागे मागे सरकू लागला. मंजुळा मात्र टेकडीकडे उडाली.

“भीमप्पा, पिल्लं पलीकडे न्या!”

किती दिवसांनी कोणी हाक मारली होती! हत्ती धावत सुटला. त्याने एकेक पिल्लू सोंडेने पाठीवर घेतलं आणि सगळी सुखरूप पलीकडे उतरवली.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली, “दादांनी पिल्लं वाचवली हो!” झालं. झिपरूच्या गळ्यात हार पडले. त्याने नम्रपणे मान पुढे केली.

मंजुळेला राहवेना. “महाराज, पिल्लं भीमप्पांनी पलीकडे नेली.”

“हुकूम दादाला होता ना?”

“मी पाठ केला तेव्हा दादा म्हणजे भीमप्पा. तुम्ही नाव नंतर फिरवलंत. पाठ झालेलं कसं फिरेल?”

“म्हणजे इतके दिवस शिळा हुकूम?” सिंह गरजला. “आत्ताच्या आत्ता नव्याने पाठ कर!”

मंजुळेने नव्याने घोकलं: झिपरू कोल्ह्याने न्यायचं. एकदाही अडखळली नाही.

मग ती घरी गेली आणि तिने आपलं घरटं झाडाच्या पार शेंड्यावर हलवलं.

तात्पर्य: शिळा हुकूम जीव वाचवत असेल, तर तो शिळा आहे हे राजाला समजावून सांगू नये.