अठरा इंच जादा माती

लोकशाहीत प्रत्येक गोष्टीला कुणीतरी वाली असतो. अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या आमच्या राज्यात बंदुकीचं वालीपण राज्य सरकारकडे आहे आणि गवताचं आमच्या नगरपालिकेकडे. वाटणी मोठी शहाणपणाची आहे. बंदुकीबद्दल स्थानिक नियम करणाऱ्या नगरसेवकाला दंड स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, म्हणून आमच्या सभेत तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. इतिवृत्तात "तो विषय" अशी नोंद होते आणि सगळे छताकडे बघतात.

बाकी कशालाही आम्ही सोडत नाही. गवत नऊ इंच. टपालपेटी पांढरी किंवा फिकट पिवळी. कोंबड्या चार, कोंबडा शून्य (आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतो). मी इथला नियमपालन निरीक्षक. बावीस वर्षांच्या सेवेत एकशे सहा कोंबडे हद्दपार केले, एकालाही दयामाया दाखवली नाही.

तर ओपल स्टकी. वय चौऱ्याहत्तर, शाळेच्या बसच्या निवृत्त चालक. नवरा गेल्यापासून बाईंचं एकच सुख उरलं होतं: दुपारी चार वाजता मागच्या अंगणात, ग्रेपफ्रूटच्या झाडाखाली खुर्ची टाकून बर्फाचा गोड चहा. नेमके चारलाच शेजारचे ड्वेन प्रिकेट कामावरून येतात आणि मन शांत करण्यासाठी मागच्या अंगणात बंदुकीने नेमबाजी करतात. माणूस भला. कुंपणापाशी त्यांनी स्वखर्चाने मातीचा साडेचार फुटी ढीग घातला होता. गोळ्या त्यात जाऊन बसत.

बाई कार्यालयात आल्या.

"अरे बाळा, चार वाजले की त्याचं ठो ठो सुरू! चहा हिंदकळतो माझा. काहीतरी कर ना."

"बाई, मग आत बसा."

"आत काय आहे? टीव्ही. त्यातही हेच चाललेलं असतं!"

तक्रार अर्जात एक्केचाळीस रकाने आहेत. भुंकणारा कुत्रा आहे, वाळत घातलेले कपडे आहेत, दिवाळखोर वाटणारी बाग आहे. "तो विषय" नाही. पण मी माणुसकी असलेला अधिकारी. शोधशोध शोधलं आणि रकाना एकोणीसवर बोट ठेवलं: 'मातीचा ढीग, तीन फुटांहून उंच.' बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "देव तुझं भलं करो रे."

नगरपालिका इतक्या वेगाने कधीच हलली नव्हती. नऊ दिवसांत अठरा इंच जादा माती हटवली. सभेत टाळ्या वाजल्या. राज्याच्या नाकावर टिच्चून आम्ही कारवाई केली, असं अध्यक्ष म्हणाले (हळू आवाजात).

ड्वेन यांचं लक्ष्य जमिनीपासून चार फुटांवर आहे. ओपलबाई खुर्चीत बसल्या की चार फूट भरतात. (मी मोजलं.)

दुसऱ्या दिवशी चहाची बरणी फुटली. पोलीस आले. नियमाने चालणारा, फार सभ्य माणूस.

"कुणाला लागली का?"

"बरणीला लागली!"

"बरणी म्हणजे कुणी नव्हे, बाई. मग निष्काळजीपणा कसा म्हणायचा?"

ड्वेन तर पार दुखावले. "मी ढीग ठेवलाच होता ना ओपलबाई? तुम्हीच तक्रार केलीत! बरं, तुम्ही बसला असाल तेव्हा मी जरा वर धरत जाईन."

"जरा म्हणजे किती रे मेल्या?"

"तुम्ही जशा दिसाल तसं," ड्वेन म्हणाले. आणि खरंच मनापासून म्हणाले.

मला मात्र कर्तव्य होतं. अंगणात फुटकी काच, रकाना सत्तावीस. नोटीस बाईंच्या नावे निघाली. देताना मला वाईट वाटलं, अगदी खरं सांगतो. तिथेच बाईंनी ढीग परत घालण्याची परवानगी मागितली. त्याला सांडपाण्याचा नकाशा, डासांबाबत हमीपत्र आणि अकरा महिने लागतात.

"अकरा महिने मी कुठे बसू?"

"आत," मी म्हटलं.

पण पस्तीस वर्षं शाळेची बस हाकलेली बाई ती, असल्यांना पुरून उरते. सगळे कायदे वाचून काढले आणि त्यांना एक रत्न सापडलं: परसातल्या भाजीपाल्यावरही आमची सत्ता चालत नाही, तोही राज्याने आपल्याकडे घेतला आहे. पुढच्या आठवड्यात कुंपणापासून थोडं आत एक वाफा उभा राहिला. लांबी तीस फूट, उंची सात. वर सहा रताळ्यांचे वेल.

"बाई, हा ढीग आहे!"

"वाफा आहे. मुळं खोल जातात. हात लाव बघू!"

मी टेप खिशात घातला. आता त्या पलीकडे बसून रोज चहा पितात. रताळ्याला गोळी लागते, बाईंना लागत नाही. राज्याचं राज्याशी चाललंय, आम्ही कोण बोलणार?

मात्र कुंपण आणि वाफा यांमधलं अंतर आमच्या अखत्यारीत येतं. ते मोजायला टेपचं दुसरं टोक कुणीतरी कुंपणापाशी धरावं लागतं, आणि पाहणी दोन्ही घरमालक हजर असताना, म्हणजे चारनंतरच करावी लागते. माझे सहकारी हॉलिस, उंची सहा फूट दोन इंच, यांनी ते एकदा धरलं. ड्वेन शब्दाप्रमाणे जरा वर धरत होते; टोपीला भोक पडलं. (टोपी म्हणजे कुणी नव्हे.) त्यांनी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला.

तेव्हा जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही. वरचा मजकूर वाचताना "एवढं आहे तर ही बाई मुकाट्याने आत का बसत नाही?" असं ज्यांच्या मनात येऊन गेलं, त्यांना प्राधान्य. तुमचं नाव मी लिहून घेतलं आहे. उद्या चारला या. टोपी स्वतःची आणा.