लिटल हॅडवेल मुक्कामी परदेशी पतंग कायम जाहल्याची हकीकत

हे वर्तमान ऐकिले तैसे लिहिले, पदरचे घातले ते थोडकेच.

विलायतेतील परगणा सफोक, मौजे लिटल हॅडवेल, येथे राजमान्य राजेश्री विल्फ्रेड गॅरड, निवृत्त पोस्टमन, पतंगांचे, म्हणजे रात्री दिव्यावर झेपावणाऱ्या कीटकांचे, नादी लागले होते. भल्या सकाळी उठावे, बागेतील दिव्याचे सापळ्यातून, पतंगांस दडावयास ठेविलेले, कोंबडीच्या अंड्यांचे पुठ्ठे उचलावे, त्यांस बिलगलेले पतंग वहीत मांडावे आणि मग चहा घ्यावा, ऐसा शिरस्ता. परंतु परगण्याचे दफ्तरी एका तरी नव्या जातीची पहिली नोंद आपले नावे व्हावी, ही आस सतरा वर्षे जीव खात होती.

तो जून अखेर एके सकाळी पुठ्ठ्यावर पांढरा, तपकिरी काठाचा, ज्याच्या अळ्या बॉक्सवुड नामे कुंपणाचे झुडूप फस्त करितात ऐसा परमुलखी पतंग गवसला. राजेश्रींस आनंदाचे भरते आले. पतंग निपचित पडावा म्हणोन डबीत घालून फ्रिजमध्ये लोण्याशेजारी नजरबंद केला, आणि मग तसबीर काढून परगण्याच्या पतंग-दफ्तरदार प्रुडन्स कॅटरमोलबाई यांजकडे खलिता धाडिला. बाईंचा हुकूम आला की, "एकटा पतंग म्हणजे वाऱ्यावर आलेला पाहुणा. गावकरी म्हणायचा तर अळ्या दाखवा. नाहीतर नोंदीचं विसरा."

मग राजेश्रींनी कंबर कसली आणि चर्चचे कुंपण धुंडाळिले, आणि पाद्रीसाहेबांचे झुडुपांत रांगले, आणि शेजारणीचे कुंडीत डोके घातले असता "काय हरवलं, मिस्टर गॅरड? अक्कल?" ऐसे तिने पुसिले, तेही सोसले. एकवीस दिवस अळी म्हणोन दिसली नाही.

बाविसावे दिवशी हताश होऊन घरी परतता दारचा मोर नजरेस पडला. हा मोर म्हणजे त्यांचे कुटुंब बेरिलबाई यांनी तीस वर्षे कातरून घडविलेले बॉक्सवुड, गावचे प्रदर्शनात सालोसाल अव्वल. त्याचे शेपटीस जाळी, जाळीत हिरव्या अळ्या, मानेवर पान म्हणोन नाही!

"सापडल्या! बेरिल, आपल्याच मोरात सापडल्या!" म्हणोन राजेश्री नाचू लागले.

बेरिलबाई कात्री घेऊन बाहेर आल्या. "मेल्या, माझा मोर खाल्ला त्यांनी, आणि तू नाचतोस?" बाईंचे डोळे भरले, तेव्हा कोठे राजेश्री थांबले आणि मनी बहुत ओशाळले. मग बाईंनी फर्माविले, "नोंदीचा फॉर्म आण. शोधणारा म्हणून माझं नाव घाल. तीस वर्षं त्यांचं जेवण मी वाढवलंय."

राजेश्रींनी फॉर्म आणिला आणि बाईंचे नाव लिहिले.

येणेप्रमाणे पतंग मौजे मजकूरचा रहिवासी ठरला, दफ्तरी शिक्का जाहला, मोहीम फत्ते पावली. प्रथम शोधक, सौ. बेरिल गॅरड. राजेश्रींचे नाव साक्षीदाराचे रकान्यात, तेही शिसपेन्सिलीने.